अनुभव धागा: हात थरथरत होता तेव्हा जवळ कोण होतं?

खांबावरचा, यवतमाळ
काल दुपारी नवीन पोट्टा विजेच्या खांबावर होता. शिकाऊ आहे, एकोणीस-वीसचा. परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी घेतली, एबी स्विच उघडून लाइन तोडली, दोन्हीकडून अर्थिंग केलं, म्हणजे तारा जमिनीला जोडल्या, सारं बरोबर. वर जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, आवळता आवळता पाना सुटला अन् माझ्या पायापासून हातभर अंतरावर चिखलात रुतला. शिवी ओठावर आली होती. वर पाहिलं तर पोराचा गुडघा थरथरून राहिला होता, पट्ट्याची कडी खांबावर टकटक वाजत होती. तो आवाज ऐकला अन् मले 2004 चा पावसाळा आठवला.

माझा पहिला उस्ताद कामाचा पक्का होता, पण चुकलो की साऱ्या गावासमोर माझ्या बापाचा उद्धार करायचा. मी विचारणंच सोडलं. लाइन तर बंद केली, मग अर्थिंग दोन्हीकडून कावून करतात? आठ महिने हे मले माहीत नव्हतं. करत होतो, कारण सारे करत होते.

मग बदलीवर एक काकाजी आले, रिटायरीला दोन वर्षं राहिलेले. माझा हात असाच कापत होता. त्यांनी खाली उतरवलं, बाटली हातात दिली. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "भीती कशाची वाटून राहिली? करंटची का माझी?" मी म्हटलं, तुमची. ते म्हणाले, "मग आज नको चढू. भीती करंटची पाहिजे. माझी भीती घेऊन वर गेला तर करंटकडे ध्यान राहणार नाही." मग चिखलात काडीनं लाइन काढून दाखवली. पुढून कोणाचं जनरेटर उलटा करंट सोडू शकते, बाजूच्या चालू लाइनमुळे बंद तारेतही व्होल्टेज येते. कोणत्याही बाजूनं आलं तरी जमिनीत जावं, म्हणून अर्थिंग दोन्हीकडून. आठ महिन्यांत जे डोक्यात गेलं नाही, ते आठ दिवसांत गेलं.

काल मी पोराला खाली बोलावून तोच प्रश्न विचारला. तो काही बोलला नाही. रडला.

तुम्हाला असं कोणी भेटलं का? कोणतंही काम असो, लिहा.

वांगी_भरीत
दादा अनुभव भारी. पण तुम्ही लाइनवाले आहात तर सांगा, आमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) तीन दिवसांपासून बंद आहे, तूर फुलावर आहे, पाणी द्यायचं कसं?

खांबावरचा, यवतमाळ
भाऊ, तालुका कोणता? वेगळा मेसेज करा, पाहतो.

आशाताई, चामोर्शीकडची
भाजी फोडणीला टाकून लिहून राहिली, चुकलं तर पोटात घाला. मी गावातली आशा कार्यकर्ती, घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासते. बाळाचे श्वास मोजायचं शिकवलं तेव्हा सारं तोंडपाठ झालं होतं. बाळ शांत पाहिजे, पूर्ण मिनिट मोजायचं, 60 किंवा वर गेले तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना. पण पहिल्याच घरी आजी फडकंच काढू देईना. म्हणे थंडी बाधते, तुले किती लेकरं झाली व? माझं लग्नही नवीन होतं. मी घाबरली, वरवर पाहिलं न वहीत 48 लिहून टाकलं. अंदाजानं.

रात्रभर झोप नाही. सकाळी प्रशिक्षणवाल्या मॅडमला फोन करून सारं सांगितलं. वाटलं आता काढतात मला. त्या म्हणाल्या, "स्वतःहून सांगितलं हे चांगलं केलं. चल, सोबत जाऊ." घरी गेल्यावर मॅडम बाळाकडे गेल्याच नाहीत. आजीजवळ ओसरीवर बसल्या, विचारलं, आजी, तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली? आजी अर्धा तास बोलली. मग तिनंच फडकं बाजूला केलं, म्हणे पाहा बाई माझा नातू. मोजले, 44.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना हे काम शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. आम्हाला हे सांगतात तेव्हा सारे आकडाच ऐकतात. मला ती ओसरी दिसते. आजीचं मन न ओळखता श्वास मोजायला गेली, तर माझी वही खोटीच भरणार.

वर्ध्याची_सून
ताई डोळ्यात पाणी आलं. नातू आता केवढा झाला?

आशाताई, चामोर्शीकडची
नववीत आहे. आजी गेली दोन वर्षांमागं.

ट्रॅक्टर मिस्त्री, आर्वी
मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या उस्तादानं ट्रॅक्टरच्या चालू पीटीओजवळ, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टजवळ, माझा शर्ट लोंबताना पाहिला अन् अशी जोरात हाक दिली की कानात दडे बसले. त्या आवाजामुळे आज दोन्ही हात आहेत माझे. गोड बोलत बसला असता तर शाफ्टनं ओढून घेतलं असतं. पोट्ट्यांना धाक पाहिजेच.

खांबावरचा, यवतमाळ
मिस्त्री, तुमचं खरं आहे जी. हात तारेकडं जात असेल तर मीही ओरडतो, ओरडायलाच पाहिजे. पण एक सांगा, शर्ट बाहेर काढून झाल्यावर उस्ताद काय बोलले?

ट्रॅक्टर मिस्त्री, आर्वी
(थोड्या वेळानं लिहून राहिलो, गिऱ्हाईक होतं.) बाहेर काढून झाल्यावर त्यांनी मला मिठी मारली होती. त्यांचंच अंग कापत होतं. मग स्वतःच्या हातानं माझा शर्ट खोचून दिला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्ध्याची_सून
मिस्त्री 🙏

रात्रपाळी
मी नर्स आहे, दवाखान्याचं नाव नको. नवीन असताना सलाइनचा वेग चुकला. पेशंटला काही झालं नाही, मीच पाहिलं, मीच सांगितलं. वरिष्ठ बाईंनी नातेवाइकांसमोर, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर झाडलं. "डिग्री विकत घेतली का" असं. त्यानंतर वर्षभर मी काही सांगितलं नाही. शंका आली तरी विचारलं नाही, मोबाइलवर शोधायचं न करायचं. आज विचार करते तर अंगावर काटा येतो. आता माझ्या हाताखाली चार मुली आहेत. त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते, चुकलं तर माझ्याकडे पळत या, मी बाकीच्यांसमोर एक शब्द बोलणार नाही. येतात. रात्री तीन वाजताही येतात.

गुरुजी, जि. प. शाळा
रात्रपाळी ताई, तुमच्या अनुभवावर जगात अभ्यास झाला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात दवाखान्यांतल्या टीम पाहिल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी निघतील असं वाटलं होतं, नोंदी निघाल्या जास्त! तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलत होती, त्यातून शिकत होती. वाईट टीममध्ये कागद कोरा आणि चूक पेशंटच्या अंगात. तुमच्या त्या वर्षभराचा कागदही कोराच असेल.

भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या लेखात मांडली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक करायचा आणि विचार करताना, वागताना ती माहिती वापरायची, असा त्यांचा अर्थ. लोक त्याचा अर्थ गोड बोलणं असा घेतात, तिथं घोळ होतो. खांबावरच्या काकाजींनी करंटची भीती आणि उस्तादाची भीती वेगळी करून दाखवली, ती या लेखातलीच गोष्ट. शाळेत रोज दिसतं. पाढा येत असलेलं पोर फळ्यापुढं उभं केलं की सात आठे विसरतं. हिशोब धरून ठेवायची डोक्यातली जागा चिंतेनं व्यापलेली असते, आकडा ठेवायचा कुठं?

आणि हे आपल्याला परदेशातूनच कळलं असंही नाही. 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली. शिक्षण हाताचं, डोक्याचं आणि हृदयाचंही, हे गांधीजी सांगत होते. सेवाग्राम माझ्या शाळेपासून तासाभरावर. आम्ही पोरांना सहलीला नेतो, कुटी दाखवतो, परत येऊन फळ्यापुढं उभं करतो. याचं मला फार वाईट वाटतं.

वांगी_भरीत
गुरुजी लय मोठं लिहिता पण वाचलं पूर्ण. डीपीचं काम सुरू झालं बरं का, दादांनी फोन लावला होता. धन्यवाद दादा.

जिनिंगचा माणूस
कापूस खरेदीवर आहे. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्याच्यावर गाडी परत. गाडी परत म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरच्यालाच विचारा. रात्रभर रांगेत थांबलेला माणूस असतो. आधी मी मीटर लावायचो, आकडा ओरडायचो, भांडण व्हायचं, कॉलर धरेपर्यंत. जुन्या ग्रेडर भाऊंनी शिकवलं, मीटर आधी त्याच्या हाती दे, गंजीत कुठं खुपसायचं ते त्याला ठरवू दे, आकडा त्यालाच वाचू दे. अन् परत पाठवताना दोन दिवस कापूस कसा पसरायचा ते सांग. आकडा तोच राहते. पण आता माझ्या काट्यावर भांडण होत नाही अन् दिवसाला जास्त गाड्या उरकतात. मलेही ग्रेडिंग नीट जमायला लागलं, कारण शेतकरीच सांगतात कोणता वेचा कोणत्या पावसात सापडला.

बचतगट_वही
आमच्या गटात एक बाई सही करायला लाजायची, अंगठा द्यायची. बाकी नंतर लिहीन, म्हैस व्यायला झाली.

वर्ध्याची_सून
बाई म्हैस आधी! पारडू झालं की सांगजो.

खांबावरचा, यवतमाळ
साऱ्यांचं वाचलं. आता पोराचं सांगतो. संध्याकाळी चहा पिताना त्यानं स्वतःच सांगितलं. मागच्या वर्षी त्याचा चुलतभाऊ शेतात मोटारीच्या स्टार्टरला चिकटून गेला. हा तिथंच होता, धुऱ्यावर. माय म्हणते हे काम सोड. तो सोडत नाही, म्हणते मला हे शिकायचंच आहे. मी दोन महिने त्याला नुसता घाबरट समजत होतो. करंटची भीती त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते.

आठ दिवस त्याला वर चढवणार नाही असं ठरवलं, खालची कामं देतो. आज सकाळी सबस्टेशनजवळ बसलो होतो तर तो हळूच म्हणे, "काकाजी, लाइन तर आपण बंद करतो, मग अर्थिंग दोन्हीकडून कावून?"

बाजूले तुरीची एक काडी पडली होती. मी उचलली.