'तुका म्हणे' मधलं म्हणे वर्तमान का भूत?

कराडची आई: काल सासूबाई देवापुढं अभंग म्हणत होत्या आणि पोरगी व्याकरणाचं पुस्तक घेऊन शेजारीच बसलेली. 'तो रोज शाळेत जाई' हा रीतिभूतकाळ, मग 'तुका म्हणे' पण भूतकाळच का गं, असं विचारलं तिनं. मी ठोकून दिलं की वर्तमान. खरं काय?

मिरज जंक्शन: बरोबर ठोकलंत. करी, जाई, म्हणे ही जुनी वर्तमानाचीच रूपं, संस्कृत 'करोति'सारख्या रूपांतून झिजत आलेली. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ती वर्तमान म्हणूनच येतात. 'करतो' हे मूळचं धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून झालेलं विशेषणासारखं रूप, म्हणून तर त्याला लिंग आहे, तो करतो ती करते, आणि करी बघा, तो करी ती करी, दोघांना एकच. करतो पुढं आलं तसं करी मागं सरकून भूतकाळात जाऊन बसलं. आता करतो पण सरकायला लागलंय, "काय करतोस?" विचारलं की माणूस नोकरी सांगतो, आत्ताचं विचारायचं तर "काय करतोयस", म्हणजे करतो आहेस चा आकसून झालेला शब्द, आपल्याकडं तर थेट 'करतूयास'.

वाईचा अण्णा: म्हणजे सातशे वर्षं नुसती बिघडतच चाललीय की.

मिरज जंक्शन: अण्णा, मग फ्रेंच पण बिघडलेलंच म्हणा. लॅटिनमधे 'गाईन' ला 'कांताबो' होतं. लोक बोलताना 'कांतारे हाबेओ' म्हणायला लागले, म्हणजे आपल्या 'मला गायचंय' सारखं काहीतरी, ते झिजून फ्रेंचमधे एकच शब्द झाला, 'शांतरे'. आता बोलताना ते त्याच्याऐवजी 'गायला जातो' अशा रचनेनं भविष्य सांगतात. परत पहिल्यापासून सुरू.

जतकर: आमच्या घरात निम्मी कानडी. आई म्हणती "बरतीनी अंत हेळ्दा", त्यातलं अंत म्हणजे 'म्हणून', तेही कानडीतल्या 'म्हणणे' अर्थाच्या क्रियापदातूनच आलेलं. आम्ही मराठीत पण "येतो म्हणून सांगितलं" म्हणतो, पुण्याचा रूममेट "येतो असं सांगितलं" म्हणायचा आणि मला हसायचा. बरं, "पाऊस आला म्हणून थांबलो" यात कोण काय म्हणालं, सांगा.

कराडची आई: पोरीला सगळं वाचून दाखवलं. सासूबाई आतनं ओरडल्या, "उद्या पाणी येणार नाय म्हणे, पिंप भरून ठेवा." आता हे म्हणे कुठल्या काळातलं?

मिरज जंक्शन: ते क्रियापदच राहिलं नाही हो. कोण म्हणे, ते विचारून बघा त्यांना.