उपचारासाठी दिलेल्या पेशींचा माग प्रकाशाने काढावा का?

पेशीमित्र: शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्स (अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींतल्या मूळ पेशी) मोठ्या संख्येने आधी फुफ्फुसात अडकतात, हे उंदरांत स्पष्ट दिसलं आहे. असं असताना रुग्णाला पेशी द्यायच्या आणि त्या कुठे गेल्या हे बघायचंच नाही, हे मला अजिबात पटत नाही. माझं मत: पेशी-उपचाराच्या प्रत्येक चाचणीत निदान काही रुग्णांच्या पेशींना नियर-इन्फ्रारेड (लालपलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात चमकणारा) रंग लावावा. इंडोसायनीन ग्रीन या अशाच रंगाला अमेरिकेत १९५९ मध्येच मान्यता मिळाली आहे.

सूक्ष्मदर्शी: बघायला हवं, शंभर टक्के मान्य. पण रंगाच्या भरवशावर नको! पेशी मेली की मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, तिला रंगासकट गिळतात आणि कॅमेऱ्यात ठिपका चमकतच राहतो. उलट जिवंत पेशी विभागली की दर पिढीला रंग निम्मा होतो. कार-टीमध्ये, म्हणजे रुग्णाच्या टी-पेशी कर्करोगाविरुद्ध बदलून परत देण्याच्या उपचारात, पेशी शरीरात वाढणं हाच उपचाराचा प्राण, आणि नेमक्या त्याच वाढणाऱ्या पेशी फिक्या पडणार. असं चित्र बघून डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा?

काजवा: म्हणून तर लुसिफरेजचं, म्हणजे काजव्यातल्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचं, जनुक पेशींत घालतात. प्रकाशासाठी एटीपी हे जिवंत पेशीतलं ऊर्जेचं रसायन लागतं, त्यामुळे पेशी मेली की दिवा विझला. विभागली तर दोन्ही पेशींत जनुक जातं. २०१८ मध्ये जपानी गटाने अकालुक हे सुधारित लुसिफरेज आणलं. त्याचा प्रकाश लालसर असल्याने तो उंदराच्या फुफ्फुसातूनही बाहेर आला, अगदी मोजक्या पेशींचासुद्धा.

गॅमा: उंदराच्या! माणसाच्या यकृतातून काय बाहेर येणार? हिमोग्लोबिन बराचसा प्रकाश शोषतं, उरलेला ऊतींत विखुरतो. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या नियर-इन्फ्रारेड प्रकाशातही एक-दोन सेंटिमीटरपुढे चित्र धूसर होतं. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी द्रव्य देतात, त्यातून निघणारे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन आरपार जातात. मेंदूच्या ग्लायोमा या गाठीसाठी दिलेल्या टी-पेशी रिपोर्टर जनुकाच्या (पेशी स्कॅनमध्ये ओळखू याव्यात म्हणून घातलेल्या जनुकाच्या) मदतीने पेटमध्ये दिसल्याचं २००९ मध्येच छापून आलंय, तेही माणसात.

पेशीमित्र: ते जनुक हर्पिस विषाणूचं होतं. परकं प्रथिन दिसलं की प्रतिकारशक्ती त्या पेशींवरच तुटून पडू शकते. शिवाय दर स्कॅनला किरणोत्सार, म्हणजे रोज उठून पेट करता येत नाही. पेशी मेल्यावरही रंग उरतो हा मुद्दा मात्र पटला, जिवंतपणाचा पुरावा म्हणून रंग चालणार नाही. तरी टोचलेल्या पेशी पहिल्या काही तासांत जागेवर राहिल्या का, एवढं रंग सांगतो.

गॅमा: त्वचा, डोळ्याचा पडदा किंवा एंडोस्कोप पोचेल तिथे माझी हरकत नाही. पण "प्रत्येक चाचणीत" हे तुमच्या मागणीतून काढा.