कॉलेजचा ‘प्रेसिडेंट’: अध्यक्ष, प्राचार्य की कुलगुरू?

म्हापशाहून प्रश्न

आमच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी प्रेसिडेंट बाईंचा परिचय लिहिते आहे. आधी प्राध्यापिका, मग विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट (प्रेसिडेंटच्या हाताखाली शैक्षणिक कारभार पाहणारं पद) आणि शेवटी प्रेसिडेंट, अशी त्यांची वाटचाल. मसुद्यात ‘महाविद्यालयाच्या अध्यक्षा’ असं लिहिलं, तर घरात पहिला प्रश्न आला, “म्हणजे कॉलेज ह्यांनीच काढलं?” मग ‘प्राचार्या’ लिहू का?

फोंडा

ताई, अध्यक्षा नकोच. आपल्याकडे अनुदानित कॉलेज संस्था चालवते आणि अध्यक्ष असतो तो संस्थेचा. तो उद्योजक असेल, वकील असेल, कधी वर्गावर गेलेलाही नसेल. प्राचार्यांना संस्था नेमते, पगार सरकारी अनुदानातून येतो. उच्च शिक्षण संचालनालयाचं पत्र पर्वरीहून निघतं ते प्राचार्यांच्या टेबलावर येतं. अमेरिकेतला प्रेसिडेंटही असाच नेमलेला असतो, त्याला बोर्ड ऑफ ट्रस्टीज नेमतं. आपल्या अर्थाने अध्यक्ष म्हणायचा तर तो त्या बोर्डाचा प्रमुख. प्रेसिडेंटला अध्यक्ष म्हटलंत की नोकरी देणारा आणि करणारा यांची अदलाबदल होते.

डिचोली

‘प्राचार्या’ला माझं मत. संस्कृत व्याकरणात ‘प्रगत आचार्य तो प्राचार्य’ असा विग्रह देतात; जुन्या अर्थाने आचार्यांचाही आचार्य. कॉलेजचा प्रमुख हा अर्थ आपण त्याला दिला, पण शिकवणारा माणूस त्या शब्दातून गेला नाही. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशकार. शिवाजीराव भोसले पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी महाराष्ट्राने त्यांना शेवटपर्यंत ‘प्राचार्य’च म्हटलं. मोठं पद मिळालं म्हणून आधीची उपाधी गळून पडली नाही. इतकी माया असलेला शब्द हाताशी असताना ‘प्रेसिडेंट’ कशाला?

आणि नियमही हेच सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्य व्हायला पीएच.डी. आणि १५ वर्षांचं अध्यापन किंवा संशोधन लागतं. मुदत ५ वर्षं, मूल्यमापन झाल्यावर आणखी एकदा ५.

मडगाव

डिचोलीकरांची माया समजते, पण मला अडचण दिसते ती कामाची. रूथ सिमन्स यांचं उदाहरण घ्या. फ्रेंच साहित्याच्या अभ्यासक. प्रिन्स्टनला प्रशासनात होत्या, स्पेलमन कॉलेजात प्रोव्होस्ट झाल्या, १९९५ मध्ये स्मिथ कॉलेजच्या आणि २००१ मध्ये ब्राऊन विद्यापीठाच्या प्रेसिडेंट. इंग्रजीत पद एकच. मराठीत मात्र स्मिथला प्राचार्या आणि ब्राऊनला कुलगुरू म्हणावं लागेल. मग वाचणाऱ्याला ती बढती वाटेल आणि दोन्हीकडची खुर्ची एकाच जातीची होती हे कळणारच नाही.

दुसरं असं की तिथे अभ्यासक्रम, प्राध्यापकांच्या नेमणुका हे बरंचसं प्रोव्होस्ट पाहतो. प्रेसिडेंट अर्थसंकल्प, देणग्या, माजी विद्यार्थी आणि बोर्ड यांच्यात अडकलेला. आपल्याकडच्या प्राचार्यांच्या खोलीबाहेर जरा उभं राहून बघा: प्रवेशाची यादी, कुणाची तरी रजा, परीक्षेतली तक्रार, नॅकच्या (कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या) फायली, एनएसएसच्या कॅम्पची परवानगी, सगळं त्याच दारातून आत जातं. ‘प्राचार्या’ लिहिलंत तर आपला वाचक बाईंना ह्या खोलीत बसवणार. त्यांनी कॉलेजसाठी पैसा उभा केला, हे त्याच्या मनातही येणार नाही. तेच तर त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं काम असू शकतं.

पणजी

कुलगुरूचा विषय निघालाच आहे तर एक सांभाळा. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं, त्याआधी आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे इथे मराठीत व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू आणि राज्यपाल म्हणजे कुलपती. हिंदीत मात्र व्हाइस चान्सलरलाच ‘कुलपति’ म्हणत आले आहेत. हिंदी मजकुरावरून बातमी करताना हे ध्यानात राहिलं नाही तर कुलगुरूंचे थेट राज्यपाल होतात. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये ‘कुलगुरु’ स्वीकारलं, ते मला फार योग्य वाटलं.

‘रेक्टर’चंही तसंच. युरोपात विद्यापीठाचा प्रमुख, राशोलच्या सेमिनारीत (पाद्री घडवणाऱ्या संस्थेत) पण प्रमुखच, आणि आपल्या मराठीत होस्टेल सांभाळणारा. परिचयात असा शब्द आला तर देशाकडे बघून अर्थ लावा.

म्हापसा

सगळ्यांचे आभार. असं लिहू का: ‘त्यांनी २ वर्षं प्रोव्होस्ट म्हणून काम केल्यानंतर विश्वस्त मंडळाने त्यांची कॉलेजच्या प्रेसिडेंटपदी नेमणूक केली. हे तिथलं सर्वोच्च प्रशासकीय पद.’ पुढे सगळीकडे नुसतं ‘प्रेसिडेंट’.

मडगाव

उत्तम. ‘विश्वस्त मंडळाने नेमणूक केली’ हे काढू नका, मालकीची शंका तिथेच मिटते. प्रोव्होस्टलाही अर्ध्या ओळीचा खुलासा द्या: ‘शैक्षणिक कारभाराचे प्रमुख’.

डिचोली

चालेल, मान्य. मात्र त्यांनी काय शिकवलं आणि किती वर्षं, ते प्रोव्होस्टच्या आधी येऊ दे. शब्द ‘प्रेसिडेंट’ ठेवलात तर शिक्षकपण वाक्यातून आणावं लागेल. आणि स्मरणिकेत इतरत्र आपल्याकडच्या कॉलेजप्रमुख बाईंचा उल्लेख येईल तिथे ‘प्राचार्या’च लिहा, स्वतः शिकवते ती आचार्या, आचार्यांची पत्नी ती आचार्यानी, हा भेद संस्कृतात पहिल्यापासून आहे.