सोलापूर: कृष्णधवल फोटोंचे टेस्ट प्रिंट कसे काढावेत? १२ बाय १८ साठी सल्ला हवा

सात_रस्ता
नमस्कार मंडळी. सिद्धेश्वर यात्रेतले आणि यंत्रमाग कारखान्यातले मिळून १० फोटो १२ बाय १८ इंचांत कृष्णधवल छापायचे आहेत. यात्रेच्या फोटोंत भर उन्हातली पांढरी बाराबंदी आहे, कारखान्याच्या फोटोंत मागाखालचा अंधार. लॅबमधून एक नमुना काढला, त्यात अंधार गच्च बसला आणि राखाडीवर हिरवट झाक आली. घरी एपसन एल ८०५ प्रिंटर आहे. दरवेळी पूर्ण आकाराचा प्रिंट परवडणार नाही, तर टेस्ट नेमकी कशी घ्यावी?

राखाडी_पट्टी
आधी एक सांगतो, अख्खा फोटो लहान करून ४ बाय ६ वर काढू नका. लहान केला की सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात, कडा जास्त तीक्ष्ण दिसतात आणि मोठ्या प्रिंटचा अंदाज हमखास चुकतो. फाइल १२ बाय १८ चीच ठेवा (३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ३६०० × ५४०० पिक्सेल) आणि तिच्यातला तुकडा त्याच मापात कापून घ्या.

८ बाय १२ चा एक कागद धरा, म्हणजे २४०० × ३६०० पिक्सेल. त्यावर ८ × २ इंचांच्या पाच पट्ट्या बसतात. पाचही पट्ट्यांत एकच तुकडा ठेवायचा, आणि त्यात बाराबंदीच्या चुण्या आणि गडद सावली दोन्ही यायला हव्यात. पहिली पट्टी आहे तशी. पुढच्या चार पट्ट्यांत कर्व्ह्जचा (फोटोशॉपमधली उजेड-अंधार बदलणारी रेषा; ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) मधला बिंदू १२८ वरून अनुक्रमे १३६, १४४, १५२, १६० वर न्या. दोन्ही टोकं हलवू नका. कुठली पट्टी कुठल्या आकड्याची, ते पट्टीच्या कोपऱ्यात छापूनच घ्या, नाहीतर दोन दिवसांनी काही लक्षात राहत नाही.

खाली दोन इंच उरतात, आणि माझ्या मते खरी किंमत त्यांचीच आहे. तिथे अर्ध्या इंचाचे १६ चौकोन करा: ०, ५, १० असे ४० पर्यंत नऊ गडद, आणि २२५ ते २५५ पर्यंत सात उजळ. त्यांच्याखाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरता पट्टा. गडद बाजूला शून्याहून वेगळा दिसणारा पहिला चौकोन शोधा. तो २० चा निघाला तर २० च्या खालचं सगळं त्या कागदावर एकच काळं आहे. मागाखालचे तपशील १० ते १५ मध्ये असतील तर नुसता मधला बिंदू उचलून ते नीट दिसणार नाहीत. तेव्हा कर्व्ह्जमध्ये डावं (काळ्याचं) टोक थोडं वर घ्या, आउटपुट १० ते १५, आणि पुन्हा छापा. उजळ बाजूला २५० आणि कोरा कागद वेगळे दिसत नसतील तर बाराबंदी २४५ च्या आसपास थांबवा.

चौकोनच हिरवट दिसले तर दोष फोटोचा नाही, छपाईचा आहे. चौकोन नीट आणि फोटो काळवंडलेला असेल तर फाइल किंवा तुमची स्क्रीन तपासा.

लॅबकाम
हिरवट झाकेबद्दल. लॅबचा रंगीत फोटो पेपर काळी शाई वापरत नाही. निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांच्या तोलातून राखाडी तयार होते. केमिकल किंवा कॅलिब्रेशन जरा हललं की ते सर्वांत आधी राखाडीतच दिसतं. म्हणून टेस्ट आणि अंतिम प्रिंट एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच पेपरवर काढा. टेस्ट ग्लॉसीवर (चकचकीत) आणि अंतिम मॅटवर (बिनचमकीचा) असं करू नका.

फाइल ८ बिट जेपीईजी, एसआरजीबी (नेहमीचं रंगप्रोफाइल), आरजीबी मोडमध्येच द्या. फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल मोड केला आणि प्रोफाइल डॉट गेन २० टक्के (छापखान्यातली शाई पसरणं धरून केलेलं) असलं, तर ते न वाचणाऱ्या मशीनवर छटा बदलतात. काउंटरवर ‘करेक्शन शून्य ठेवा’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे लॅब स्वतःहून रंग-उजेड बदलणार नाही. ऑटो करेक्शन चालू राहिलं तर तुमच्या पाचही पट्ट्या त्यात बदलून येतील आणि टेस्टला अर्थ उरणार नाही.

पूर्ण तटस्थ राखाडी जमतच नसेल तर दहाही फोटोंना एकसारखी हलकी उबदार छटा द्या. मग छोटा फरक भिंतीवर जाणवत नाही.

राखाडी_पट्टी
एल ८०५ वर लॅबच्या छटांची परीक्षा करू नका. त्यात ग्रे शाई नाही, आणि तो ए४ च्या पुढे जात नाही. चौकट कुठे कापायची, फोटोंचा क्रम काय, एवढ्यापुरता तो उपयोगी.

पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंट घेणार असाल तर ग्रे शाया असलेलाच प्रिंटर विचारा. एपसनमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड वापरताना रंगव्यवस्था प्रिंटरकडे सोपवायची. आयसीसी प्रोफाइलने (त्या प्रिंटर-कागदासाठीची रंगांची फाइल) छापताना उलट, ड्रायव्हरमधली (प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्ती बंद. दोन्हीकडे चालू राहिली की झाक आणि काळवंड ठरलेली. मॅट कागदाचा काळा साधारण १.६ घनतेवर थांबतो (आकडा मोठा तितकं काळं गडद), बरायटा (बेरियमचा लेप असलेला फोटो कागद) किंवा ग्लॉसीचा २.२ च्या पुढे जातो. मागाच्या फोटोंसाठी मी बरायटाच सुचवेन.

सात_रस्ता
माझी स्क्रीन कायम पूर्ण ब्राइटनेसवर असते. प्रिंट काळे दिसण्याचं कारण तेच का?

लॅबकाम
मोठा वाटा तिचाच. स्क्रीनचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरे. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात फोटो पेपर धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. त्यानंतर फाइल पुन्हा दुरुस्त करून मगच पट्ट्या करा.

प्रिंट खिडकीजवळ बघा, पण थेट उन्हात नको. आपल्याकडच्या उन्हात गच्च काळंही उघडं दिसतं. मग जिथे टांगणार तिथल्या एलईडीखाली तोच कागद धरा. झाक उजेडागणिक बदलते, शिवाय ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन) घातलेला कागद दिवसा निळसर पांढरा आणि एलईडीखाली पिवळट वाटतो. इंकजेटचा प्रिंट असेल तर निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या, शाई बसायला वेळ लागतो.

राखाडी_पट्टी
घरी छापत असाल तर उन्हाळ्यात आधी नोझल चेक (शाईची बारीक भोकं तपासणारा नमुना) काढाच. कोरड्या हवेत शाई लवकर सुकते, आणि एक नोझल बंद पडलं तरी आभाळात आडव्या रेघा येतात. कागद पाकिटातून आयत्या वेळी काढा, कडा वळल्या तर प्रिंटरचं हेड घासतं. प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर कागदावर शाई पसरते.