मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी: उन्हाळ्यातही सायकलनेच जाता येईल का?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. माझी नोकरी हिंगणा एमआयडीसीत आहे. खामला, त्रिमूर्तीनगर आणि पुढे रिंग रोडने हिंगणा टी-पॉइंट गाठून गेल्यास एका बाजूचे अंतर साधारण बारा किलोमीटर भरते. पावसाळा संपल्यापासून मी हे अंतर सायकलने कापतो आणि थंडीत त्यात फार आनंद मिळाला. परंतु आता मार्च अर्धा सरला आहे आणि दुपारी साडेचारला पाळी सुटते तेव्हा सिमेंटचा रस्ता अक्षरशः भाजत असतो. पावसाळ्यापर्यंत सायकल बंद ठेवावी असे घरचे म्हणतात, मला मात्र ती सोडायची नाही. उन्हाळ्यात नियमित सायकल चालवणाऱ्यांनी आपली व्यवस्था कशी लावली आहे, आणि उन्हात उभ्या सायकलचे टायर फुटतात हे खरे आहे का? शिवाय माझे गाव सेवाग्रामजवळ आहे. रेल्वेने जाताना सायकल सोबत नेता येते का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (सुभाषनगर)

सायकल सोडू नका, फक्त परतीचा प्रवास बदला. सकाळी सातच्या आत निघालात तर मे महिन्यातही बारा किलोमीटर जड जात नाहीत, कारण चालत्या सायकलला वारा लागत असल्याने घाम अंगावरच वाळत जातो. खरा घाम फुटतो तो पोहोचून थांबल्यावर. म्हणून पाळीच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे, पंख्याखाली बसावे, ओल्या पंच्याने अंग पुसावे आणि मगच कामाचा शर्ट घालावा. तो शर्ट रोज पाठीवरच्या पिशवीतून नेण्यापेक्षा आठवड्याचे कपडे सोमवारी एकदाच नेऊन ठेवणे सोयीचे.

परतीचे मात्र गंभीरपणे घ्या. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, साडेचारचे ऊन दुपारच्या बाराइतकेच बोचते. हिंगणा एमआयडीसीजवळच्या लोकमान्यनगरची मेट्रो जानेवारी २०२० पासून सुरू आहे आणि मेट्रोच्या डब्यात सायकल नेण्याची मुभा आहे. लोकमान्यनगरला चढा, सीताबर्डीला गाडी बदला आणि मनीषनगरजवळच्या उज्ज्वलनगरला उतरा. सीताबर्डीला दोन्ही मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, त्यामुळे सायकल जिन्यावरून उचलण्याऐवजी थोडा वेळ मोडला तरी लिफ्टनेच न्या. डब्यात सायकल दाराच्या वाटेत न ठेवता हाताने धरून उभे राहा. इतरांना पेडल लागले नाही की कोणी तक्रार करत नाही.

प्रतिसाद (इतवारी)

टायरबद्दल एवढेच सांगतो की केवळ उन्हाने चांगला टायर फुटत नाही. सकाळी २५ अंशांत ६० पौंड हवा भरली, तर ४५ अंशांत ती चार-पाच पौंडांनी वाढते, आणि तेवढा ताण टायर सहज सोसतो. उन्हात सुटतो तो ट्यूबला लावलेला जुना पॅच, कारण तापल्यावर सोल्युशन मऊ पडते. टायर जुना असेल आणि त्याच्या कडेला बारीक भेगा दिसत असतील, तर मात्र तो आताच बदला.

एमआयडीसीत पंक्चरचे कारण बहुधा वेगळेच निघते. कारखान्यांसमोर लेथचा बर, म्हणजे धातूचा धारदार कीस, सांडलेला असतो आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. अशी तार टायरमध्ये रुतून बसते, वरून दिसत नाही, आणि नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी पंक्चर करते. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तार असेल तेथे कापूस अडकतो. तसेच सिमेंटचा रस्ता आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यामधल्या लांब फटीत अरुंद चाक अडकून माणूस पडतो. ती फट नेहमी शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी. शक्य असल्यास ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्यावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कापसाची युक्ती मला ठाऊक नव्हती. परतीला मेट्रो घेण्याचे घरीही पटले आहे. रेल्वेविषयी कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद (अजनी)

रेल्वेने सायकल नेता येते, पण साधी सायकल प्रवासी डब्यात नेता येत नाही. आपले तिकीट दाखवून ती पार्सल ऑफिसात लगेज म्हणून नोंदवावी लागते आणि ती ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, जाते. गाडीच्या तासभर आधी पोहोचा. नाव, फोन क्रमांक आणि उतरण्याचे स्थानक लिहिलेला पुठ्ठा हँडलला व कॅरिअरला असा दोन ठिकाणी बांधा, कारण चढवताना एखादा तुटून पडतोच. दिवा, पंप आणि पाण्याची बाटली काढून स्वतःजवळ ठेवा.

सेवाग्रामला उतरताच सामान सावरत बसू नका, पावती हातात घेऊन थेट ब्रेक व्हॅनकडे जा. गाडी फार वेळ थांबत नाही आणि सायकल उतरायची राहिली तर ती पुढच्या स्थानकावरून परत मागवण्यात तुमची सुटी संपेल. त्यामुळे पहिल्या खेपेला घाईच्या दिवशी न जाता शनिवारच्या सकाळी जाऊन पाहा.