पहिला फिल्म कॅमेरा: पेंटॅक्स के१००० की याशिका इलेक्ट्रो ३५?

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. फिल्मवर फोटो काढायला शिकायचंय. जुन्यात दोन कॅमेरे समोर आहेत, वरचे. कोणता घेऊ, घेताना काय तपासू? विषय मुख्यतः कपाशीची शेतं आणि केळीच्या बागा.

सातपुडा३६:
शिकायचंच असेल तर के१०००, भाऊ. याशिकात अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) तुम्ही लावता, शटर किती वेळ उघडायचं तो वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. दोघांचं नातं हाताला कळतच नाही. शिवाय त्याची मूळ ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही, अडॅप्टर शोधावा लागतो. के१००० (१९७६ ते १९९७) पूर्ण यांत्रिक आहे. एलआर४४ हा बटण सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी, तो संपला तरी सगळे वेग चालतात. मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावा.

तपासताना लेन्स काढा, मागचं दार उघडा, वेग १/१००० वर ठेवा आणि उजळ भिंतीकडे धरून मागून बघत शटर दाबा. चौकट एकसारखी उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर शटरचा पडदा मागे पडतोय, तो कॅमेरा सोडून द्या. मग १ सेकंद लावून कान द्या. शटर मध्येच अडखळलं तर आतलं वंगण सुकलंय. लेन्समधून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटला तर घाबरू नका, तो बदलून मिळतो. पण बदलल्याशिवाय रोल भरू नका, उजेड झिरपून फोटोवर पट्टे येतात.

केळीबाग (रावेर):
तपासणी पटली. पण पहिला रोल कोरा येतो तो बहुतेकदा भरताना चुकल्यामुळे. फिल्मची जीभ स्पूलच्या (फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाच्या) खाचेत सारा, फिल्म पुढे सरकवणारं लिव्हर ओढा, दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसली की मगच दार लावा. रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हळूच फिरवून ढील काढा. आता लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरलीच पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही, काउंटर काहीही दाखवो. शेवटी लिव्हर अडलं की जोर लावू नका, भोकं फाटतात. तळाचं बटण दाबून गुंडाळा, कळ मोकळी फिरू लागेपर्यंत दार उघडू नका.

आता उजेड. २०० आयएसओच्या (हा आकडा फिल्मच्या उजेड टिपण्याच्या क्षमतेचा) रोलला लख्ख उन्हात छिद्र एफ १६ आणि वेग १/२५० सेकंद. वेचणीला आलेल्या कपाशीत मीटर हमखास फसतं. पांढरं दिसलं की त्याला उजेड फार वाटतो, ते कमी द्यायला सांगतं आणि कापूस मळकट राखाडी येतो. तिथे मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). केळीच्या बागेत आत शिरलं की उन्हापेक्षा चार-पाच स्टॉप कमी; एफ ४ ला १/१२५ पासून सुरुवात करा. पानांतून कवडसे पडत असले तरी मोजायचं सावलीवर. कलर निगेटिव्ह जास्त उजेड पचवते, कमी पडलेला नाही.

तापीकाठ:
खूप आभार. मे महिन्यात रोल कुठे ठेवू? आणि रोल धुणं (डेव्हलप करणं)?

सातपुडा३६:
रोल बंद डबीत, फ्रिजमध्ये. भरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर दव धरतं. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच नको, रंग बिघडतात.

रंगीत रोल लॅबलाच पाठवा, तिथे ३८ अंश नेमके राखावे लागतात. कृष्णधवल घरी जमतं: इलफर्ड एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) न पातळ करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. अडचण पाण्याची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. तेव्हा केमिकलची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी ठेवून थर्मामीटरने २० वर आणा. बर्फ केमिकलमध्ये टाकू नका, ते पातळ होतं. धुण्याचं पाणीही गार हवं. आणि शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके एकदा सुकले की सहज निघत नाहीत.