बोटांच्या बेचक्यात केस रुततोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बारामतीजवळ माझं सलून आहे, २२ वर्षं झाली वस्तरा-कात्री चालवतोय. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे कापलेले बारीक केस घुसतात. मिशीचा राठ केस तर सुईच! आधी चिमट्याने उपटून काढायचो. आता तिथे बारीक भोक पडलंय, दाबलं की पू येतो. डॉक्टर म्हणाले, हा केशकर्तनवाल्यांचाच आजार, सारखं व्हायला लागलं तर छोटं ऑपरेशन करावं लागेल. कुणी केलंय का? दुकान किती दिवस बंद ठेवलंत?

दुसरं म्हणजे डाय लावला की बोटं खाजतात, कातडी सोलते. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने होतं म्हणे. डायला नायट्रिलचे हातमोजे घालतो, पण दाढी करताना ते घातले की पकडच येत नाही. तुम्ही काय करता?

पातं दर गिऱ्हाइकाला नवीन लावतो, तरी कधीतरी बोट कापतंच. कावीळ ब ची लस (३ डोस, ६ महिन्यांत) आमच्यासारख्यांना सरकारी दवाखान्यात मिळते का, की बाहेरूनच घ्यायची?

पाय दुखतात ते सोडा, ते सगळ्यांचेच दुखतात.